किराणा कुठून भरलास?

– काय गं, एवढ्या पिशव्या? डीमार्टमधून आलीस वाटतं!

– हो ना काकू. तेल, साबण, साखर, सगळंच छापील किमतीपेक्षा कमी. शिवाय गाडी लावायला जागा मिळाली की हे खूश.

– साबण-पावडर मीही तिथूनच आणते बापा. कोलगेट कुठूनही घेतलं तरी कोलगेटच. पण तांदूळ? तोही तिथलाच?

– पाच किलोचं पाकीट आणलंय.

– छत्तीसगडात राहून पाकिटातला तांदूळ! काऊन? अगं, नगरी दुबराजला 2023 मध्ये जीआय मानांकन मिळालं, सरगुजाच्या जीराफुलाला त्याच्याही आधी, 2019 मध्ये. आमचे दुकानदार भैया पोत्यात हात घालू देतात. मूठभर घ्यायचा, फुंकर मारायची, दोन दाणे दाताखाली धरायचे. कडक लागला तर जुना, भात मोकळा होणार. नरम लागला तर ठेव परत, नाहीतर खळ शिजेल. तुझ्या प्लॅस्टिकमधून काय कळणार? आणि रोजचा आपला एचएमटी. चंद्रपूरकडच्या दादाजी खोब्रागड्यांनी शोधून काढलेलं वाण ते. पाकिटावर त्यांचं नाव वाचलंस कधी?

– नाही हो. पण काकू, पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किंमत छापलेली असते, ती मी बघते. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही, हे तिथंच कळलं.

– हुशार आहेस. मग हेही बघ, सुट्या डाळीवर जीएसटी नाही. 2022 च्या जुलैपासून लेबलवाल्या पाकिटाला मात्र 5 टक्के.

– सुटी डाळ मॉलमध्येही मिळते, मोठ्या डब्यातून.

– मिळते, पण विचारायचं कोणाला? "भैया, ही तूर शिजते का?" म्हटलं की तो पोरगा डाळीकडे न बघता रॅककडे बोट दाखवतो. आमचे भैया तोंडावर सांगतात, "दीदी, ये मत लीजिए, अगले हफ्ते नया माल आएगा."

– तुम्हाला सांगतात! माझं पुणेरी हिंदी ऐकलं की त्यांचा भाव बदलतो. परवा पोह्यांचा मला सांगितला एक, मागच्या बाईला दुसरा. मॉलमध्ये निदान चिठ्ठी लावलेली असते. घासाघीस मला जमत नाही, लाज वाटते.

– हं. ते मात्र खरं आहे. माणूस बघून दर लावतात मेले. पण भाटापाऱ्याचे पातळ पोहे घे हो, दोन रुपये जास्त गेले तरी चालतील.

– आणि काकांना कुठलं दुकान आवडतं?

– त्यांचं काय विचारतेस! त्यांना अजून बिग बझारची हळहळ आहे. 26 जानेवारीची ती "सबसे सस्ते दिन"वाली गर्दी आठवते ना? एकदा एवढं फिनाईल आणलं, की 2022 मध्ये रिलायन्सनं ती दुकानं घेतली तेव्हाही आमच्या मोरीत बाटल्या उरल्या होत्या.

– आणि आमसूल, गोडा मसाला?

– आपल्याला हवं तसं आमसूल ना मॉलमध्ये, ना भैयांकडे. माझा भाऊ नागपूरहून येतो तेव्हा पिशवीभर मागवते. तुलाही देईन.

– आणि भाजी?

– भाजी मात्र मॉलची घेऊ नकोस. एसीत ठेवलेली मेथी घरी आणली की मान टाकते. आपली आकाशगंगा मंडी आहे ना भिलाईच्या सुपेल्यात! थंडीत तिवरा भाजी, आणि उन्हाळा लागता लागता बोहार. बोहार महाग असते, पण दह्यात घालून कर, नवरा मॉल विसरेल. सकाळी लवकर गेलं पाहिजे पण, उशिरा गेलं की देठंच उरतात.

– उद्या येऊ तुमच्याबरोबर?

– ये की. कापडी पिशवी आण, सुटे पैसे आण, आणि बोलू नकोस, भाव मी करीन. तो काळा चष्मा तेवढा घरी ठेव. भाव चष्मा बघूनच चढतो.