पान तीनवरचा जार, पान पाचवरचे पात्र

आमच्या नव्या मिक्सरच्या माहितीपुस्तिकेचे कौतुक करावे तेवढे थोडेच. एकाच भांड्याला पान तीनवर 'जार', पाचवर 'पात्र' आणि आठवर 'कंटेनर' म्हटले आहे. ग्राहकाचा शब्दसंग्रह वाढावा, हाच उदात्त हेतू. धोक्याची सूचना कधी ठळक, कधी तिरपी, कधी लाजून कंसात. हमी संपते ०३/०४/२०२७ ला. ती मार्चात की एप्रिलात, हे ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेनुसार ठरवावे. (१९८८ पासून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे म्हणे. असेल.)

एककांनाही हीच मोकळीक हवी. मार्स क्लायमेट ऑर्बिटरच्या वेळी ती मिळाली होती. एका चमूने आकडे पौंडांच्या हिशेबात दिले, दुसऱ्याने ते न्यूटनच्या हिशेबात वाचले. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या इतके जवळ गेले, की पुन्हा बोललेच नाही. एवढी जवळीक एकसारख्या एककांनी साधली असती?

आमचे पाते 'घड्याळाच्या दिशेने (आकृती ४ पाहा)' घट्ट होते. आकृतीत बाण उलटा आहे.

"घड्याळ मागून पाहिलं असेल हो त्यांनी," शेजारच्या वहिनी म्हणाल्या आणि त्यांचा पाटा-वरवंटा देऊन गेल्या. सोबत पुस्तिका नव्हती.