बूस्टराव

बूस्टरावांचं खरं नाव काहीही असू शकतं. वय तिशी-पस्तिशी, नोकरी हिंजवडीत, गाव शिरोळ नाहीतर वाळवा तालुक्यात आणि पार्किंगमध्ये एक पांढरी पोलो, एवढं जुळलं की पुरे. प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच. तुमच्या सोसायटीत नसला तर दोन इमारती पलीकडे असतो आणि रात्री अकराला घरी परतताना सगळ्यांना ऐकू येतो.

पोलो भारतात 2022 साली बंद झाली. त्या दिवशी शाळांना सुट्टी का दिली नाही, हे बूस्टरावांना अजून कळलेलं नाही. चाकणला तयार झालेली त्यांची ही गाडी एक लिटरच्या टर्बो इंजिनाची. कंपनीच्या कागदावर 110 अश्वशक्ती. पण खरी ताकद कंपनीने मुद्दाम दाबून ठेवली आहे, असं त्यांचं ठाम मत. ती मोकळी करण्यासाठी त्यांनी गाडी ट्यून केली. आधी स्टेज वन: लॅपटॉप जोडायचा, ईसीयूमधली, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली, मूळ फाईल काढायची आणि नवी घालायची. टर्बोचा दाब वाढतो, ठिणगी जरा लवकर पडते, गाडी उधळते. इथे थांबले असते तर संसार सुखाचा झाला असता. पण स्टेज वनच्या पुढे स्टेज टू असतं, हे कळल्यावर माणसाला झोप लागत नाही. मग डाउनपाइप बदलला, मोठा इंटरकूलर आला, स्पार्क प्लग एक नंबर थंड पडले. वहिनींच्या समजुतीप्रमाणे या गाडीचं वर्षातून अकरा वेळा सर्व्हिसिंग असतं.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं. म्हणजे होतं ते आधीपासूनच. 2003 साली 5 टक्क्यांनी सुरुवात झाली आणि जून 2022 मध्ये देश 10 टक्क्यांवर पोचला. बूस्टराव तेव्हा स्टेज वनच्या आनंदात होते. त्यांच्या टाकीत काय जातंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. फेब्रुवारी 2023 मध्ये 20 टक्क्यांचं पेट्रोल काही पंपांवर आलं आणि पुढच्या दोन वर्षांत ते जिकडेतिकडे झालं. तेव्हा ते दचकून जागे झाले, ते आजतागायत झोपलेले नाहीत.

त्यांच्याबरोबर पंपावर जाणं हा धीराचा मामला आहे. पोऱ्या म्हणतो, "झिरो बघा साहेब." बूस्टराव झिरो बघत नाहीत.

"हे ई-ट्वेंटी आहे का?"

"पेट्रोल आहे साहेब."

"हो, पण इथेनॉल किती टक्के?"

"पावती पाहिजे का?"

मागे स्कूटरवाले हॉर्न वाजवत असतात. बूस्टराव शांतपणे 100 ऑक्टेनचं पेट्रोल मिळेल का, असं विचारतात. ते दीडशे रुपयांच्या पुढचं पेट्रोल भरताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते घराचा हप्ता भरताना कधी दिसलेलं नाही.

कुणाच्या शब्दावर ते विश्वास ठेवत नाहीत, प्रयोग करतात. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून त्यांनी 100 मिलिलिटरची मोजनळी आणली आहे. रविवारी सकाळी गॅलरीत बसून ते तिच्यात 10 मिलिलिटर पाणी आणि 90 मिलिलिटर पेट्रोल घालतात, बूच लावून हलवतात आणि वाट बघतात. इथेनॉलची सोयरीक पेट्रोलपेक्षा पाण्याशी जास्त, त्यामुळे ते खाली पाण्यात उतरतं आणि 10 वर असलेली रेघ 28 च्या आसपास चढते. वाढलेले 18, मूळचे 90, म्हणजे 20 टक्के. सरकार जे जाहीरपणे सांगतंय, तेच बूस्टराव दर रविवारी नव्याने शोधून काढतात. "घरात पेट्रोलचा वास येतोय," असं वहिनी म्हणाल्या की ते त्यांनाही रेघ दाखवतात.

या माणसाचा अभ्यास मात्र चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. बसल्या जागी ते सांगतील की एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते, तर इथेनॉलला 9 किलोच पुरते, कारण त्याच्या अंगात आधीच ऑक्सिजन असतो. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त ओतावं लागतं. शिवाय लिटरमागे त्यात ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी. 20 टक्के मिश्रणात हा तोटा साधारण सहा-सात टक्के भरतो. हे सगळं त्यांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही सातव्यापर्यंत जाऊन परत आलो.

पण नाण्याची दुसरी बाजूही त्यांना ठाऊक आहे, आणि खरी गंमत तिथेच सुरू होते. शुद्ध इथेनॉलचं ऑक्टेन 108 च्या घरात. वाफ होताना ते पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता ओढून घेतं, म्हणून सिलिंडरमधली हवा थंड राहते. जास्त दाबाखाली मिश्रण वेळेआधी पेटून इंजिनात जो ठोका पडतो, तो नॉक म्हणजे टर्बोवाल्यांचा यमदूत. इथेनॉल त्यालाच दारात अडवतं. अमेरिकेतले ट्यूनर ई-85 चं पेट्रोल शर्यतीच्या इंधनाचा स्वस्त अवतार म्हणून पुजतात. त्यामुळे बूस्टराव दिवसा इथेनॉलच्या नावाने बोटं मोडतात आणि रात्री ई-85 ची स्वप्नं बघतात. मार्च 2024 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या निवडक पंपांवर इथेनॉल 100 मिळू लागलं, तेव्हा त्यांनी त्याच रात्री वहीत गणित मांडलं: 40 लिटरमध्ये साडेपाच लिटर ते घातलं की ई-30 तयार. गणित अचूक होतं. अडचण एवढीच, की इतकं जास्त इंधन दाबाने पुरवताना त्यांच्या गाडीचा हाय प्रेशर पंप धापा टाकेल, असं फाईल लिहून देणाऱ्या ट्यूनरने कळवलं. बूस्टराव दोन दिवस उदास होते. तिसऱ्या दिवशी ते मोठ्या पंपाची किंमत विचारत होते.

गावी जाताना खंबाटकीच्या चढावर लॉगिंग होतं. बूस्टराव स्टिअरिंगवर, आणि गाडीला जोडलेला फोन वहिनींच्या हातात. इंजिनाला नॉकची चाहूल लागली की ते ठिणगी मागे घेतं. किती अंश मागे घेतली, ते प्रत्येक सिलिंडरपुढे आकड्यात दिसतं.

"वाच, वाच!"

"एक, वजा दोन. दोन, शून्य. तीन, वजा तीन. आणि माझं डोकं, वजा दहा."

हे लॉग जपून ठेवलेले असतात. साध्या पेट्रोलचं किमान ऑक्टेन 91 होतं आणि 20 टक्क्यांच्या पेट्रोलचं किमान 95 ठरवलेलं आहे. जुने-नवे लॉग शेजारी ठेवले तर वजाचे आकडे नव्या पेट्रोलवर कमी झालेले सरळ दिसतात. मी ते बोट ठेवून दाखवलं. बूस्टरावांनी लगेच इंजिन किती जास्तीचं इंधन ओततंय ते दाखवणारं फ्युएल ट्रिमचं पान उघडलं. "हे बघा, जास्त पितेय!" पितेय हे खरं. पण वाचतेय हेही तितकंच खरं, आणि त्याचा उल्लेख त्यांच्या तोंडून कधी येत नाही.

गावाकडे आबा आहेत. तीन एकर ऊस, कारखान्याचे सभासद, आणि पोराच्या गाडीबद्दल एकच तक्रार: बसताना गुडघे कानाला लागतात. बूस्टरावांनी ओट्यावर बसून इथेनॉलवर व्याख्यान सुरू केलं की आबा तंबाखू मळत ऐकून घेतात.

"टाकी केवढी म्हनलास?"

"45 लिटर."

"म्हंजे नऊ लिटर आमचं. रसापासनं केलं तर टनाला 70 लिटर पडतंय. सव्वाशे किलोच्या वर ऊस झाला की रं. धा मोळ्या! आन् त्येच्यावर आमचं बिल ठरतंय."

आबांना दर तोंडपाठ आहेत. रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला 65 रुपये 61 पैसे, बी-हेवी मळीच्या इथेनॉलला 60 रुपये 73 पैसे. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत बिल द्यायचं, असा कायदा आहे. इथेनॉलचा पैसा आल्यापासून कारखान्याला तो कायदा जरा जास्त वेळा आठवतो, असं त्यांचं निरीक्षण. डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडेल म्हणून सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं, तेव्हा आबा आठवडाभर कुणाशी नीट बोलले नव्हते. मक्याच्या इथेनॉलला 71 रुपये 86 पैसे मिळतात, हे दुःख तर ते बूस्टरावांच्या फ्युएल ट्रिमइतकंच जपून ठेवतात.

"तुज्या फीला, त्या कॉम्प्युटरच्या कोर्सला पैसं कशातनं आलं? उसातनंच की. आता त्योच ऊस तुज्या गाडीत गेला तर तुला ठसका लागतोय?"

बूस्टरावांकडे हवा-इंधनाच्या प्रत्येक गुणोत्तराचं उत्तर आहे. या प्रश्नाचं नाही. ते उठून बॉनेट उघडतात.

त्यांची सगळीच भीती पोकळ आहे, असं मात्र नाही. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, जुन्या गाड्यांतल्या काही रबरी नळ्या आणि सील त्याला मानवत नाहीत, आणि ॲव्हरेज थोडं पडतं. ट्यून केलेल्या गाडीत तर एका पेट्रोलवर लिहिलेली फाईल दुसऱ्या पेट्रोलवर चालवणं हा खरा धोका. पण हे बूस्टरावांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माहीत असूनही 110 च्या इंजिनावर त्यांनी दीडशेचं स्वप्न लादलं, आणि आता कुठे काही खडखडलं की संशयित म्हणून पहिलं नाव इथेनॉलचं येतं. इंजिनावरची परदेशी व्याख्यानं त्यांनी पाठ केली आहेत. डॅशबोर्डच्या कप्प्यातली मालकाची पुस्तिका मात्र अजून प्लास्टिकमध्ये आहे.

तुमची गाडी कंपनीने दिली तशीच असेल, तर बूस्टरावांचं ऐकून घाबरू नका. पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर बघा, पुस्तिका वाचा, गाडी जुनी असेल तर सर्व्हिसिंगला रबरी नळ्या तपासून घ्या आणि भरल्या टाकीने ती महिनोन्महिने उभी ठेवू नका. आणि बूस्टराव भेटलेच, तर "ॲव्हरेज किती देते?" असं विचारून त्यांचा दिवस खराब करू नका. "फाईल कुठल्या पेट्रोलवर लिहिलीय?" असं विचारा. तुमचा अर्धा तास जाईल, पण शेवटी तेच कबूल करतील, की या इंजिनाला 20 टक्के इथेनॉल पचतं. 20 टक्के जास्तीची हाव पचत नाही.