हळूहळू म्हणता त एकच देतो

एक जानेवारीला सकाळी साडेसातला मी मुकुटबनच्या बसथांब्यावर वणीच्या बसची वाट पाहत उभा होतो आणि माझ्या हातात आलुबोंडा नव्हता. टपरीवाल्या भाऊनं कढईतला झारा वर धरला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काऊन जी, घरी कोणी वारलं काय?"

"नाही रे. नवीन वर्ष. बोंडा सोडतोय."

"पूर्ण?"

"पूर्ण कुठं. हळूहळू."

त्याचा जीव भांड्यात पडला. "हळूहळू म्हणता त मंग एकच देतो."

आधीच्या वर्षांत मी सगळं एका दमात करून पाहिलं आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळा, पंचावन्न मिनिटांत जेवायचं तंत्र पाळलं. त्यांचा भर 'दोन'वर होता, मी तो पंचावन्नवर दिला. एवढ्या वेळात माणूस काय काय खाऊ शकतो, याचा तोवर मला अंदाज नव्हता. पुढच्या वर्षी ओट्स आणले. आईनं डबा उघडून वास घेतला आणि विचारलं, "ढेप हाय का रे हे?" आमच्या कापसाच्या मुलखात ढेप गाईला घालतात. गाईनं हुंगून तोंड फिरवलं.

म्हणून यंदा शास्त्राचा आधार घेतला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना रोज एकच छोटी गोष्ट करायला लावली. जेवणासोबत एक फळ खा, पाणी प्या, असल्या साध्या गोष्टी. 2010 मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं दिसलं. कुणाला 18 पुरतील, तर कुणाला 254 लागतील असाही हिशेब निघाला. मी कॅलेंडर काढलं. सहासष्टावा दिवस 7 मार्चला येतो. दोनशे चौपन्नावा 11 सप्टेंबरला, आणि यंदा पोळाही त्याच सुमारास आहे. आमच्यासारख्या बैलांची सोय शास्त्रानं आधीच करून ठेवलेली दिसते. मध्येच एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यात आहे. तेवढ्या वाक्याखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली आणि उरलेला भाग निवांत वाचायचा ठरवला.

निवांत वाचला आणि जरा चपापलो. सवय लावायची तर गोष्ट छोटी हवी, रोज हवी, ठरलेल्या खुणेला जोडलेली हवी. हे तर आमच्या भाऊचं दुकान! खूण म्हणजे बसची वेळ. जागा तीच, कढई तीच. मी तोंड उघडायच्या आत बोंडा कागदावर येतो, वर रश्श्याचा पळा पडतो आणि वहीत माझ्या नावापुढं एक उभी रेघ. लंडनवाल्यांनी 96 माणसं धरली होती, भाऊची वही त्याहून जाड आहे. माझं पोट काही एका झटक्यात पुढं आलेलं नाही. ते अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीनं, हळूहळू आलं.

शेजारच्या ठेल्यावर याच शास्त्राची पदव्युत्तर शाखा चालते. सुपारीचे तुकडे, तंबाखू, बोटभर चुना, सगळं पन्नीत घेऊन पोरगा फळीवर घासतो, खर्र खर्र खर्र. 'खर्रा' हे नाव कुठून आलं ते विचारायला नको. मुकुटबनच्या पोटात चुनखडी आहे, म्हणून 2022 पासून इथं सिमेंटचा मोठा कारखाना चालतो. चुन्याशी आमचं नातं मात्र त्याहून जुनं आणि गालातलं. राज्यात गुटख्यावर बंदी आली ती 2012 मध्ये. खर्रा त्याचाच भाऊबंद, पण तो मागताना निदान आवाज खाली घ्यावा, ही सवय अजून पडायची आहे, पडेल हळूहळू. आमचे एक काकाजी याच ठेल्याला टेकून रोज साखरेच्या दुष्परिणामांवर बोलतात. त्यांनी चहातली साखर तोडली आहे. 'साखर' म्हणताना समोरच्यानं दोन पावलं मागं सरकायचं असतं.

सरकारचंही आमच्यासारखंच. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरड धान्यांना वाहिलं. अर्थसंकल्पात ज्वारी-बाजरी 'श्रीअन्न' झाली, दिल्लीत जी-20 च्या पाहुण्यांना ती वाढली गेली. आणि त्याच 1 जानेवारी 2023 पासून अन्नसुरक्षेच्या रेशनवरचं धान्य फुकट झालं. फुकट मिळू लागले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्वारीला श्री मिळालं, थैली गहू-तांदळानं भरली. गरिबाच्या घरी दाणा गेला याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मी फक्त तारीख सांगतोय. इकडं शिवारात कापूस आणि सोयाबीन. ज्वारी पेरावी तर रानडुकरं आणि पाखरं आधी जेवून जातात. पूर्वी पाहुणा आला की आमच्याकडं पोळी व्हायची. आता पाहुणा आला की भाकर होते, आणि तो ताटाचा फोटो काढतो.

2025 च्या जुलैत समोशा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार अशी आवई उठली, नागपूरच्या एम्सचंही नाव त्यात आलं. मग खुलासा झाला की तसं काही नाही, कार्यालयांत तेल आणि साखरेची माहिती देणारे फलक लावा एवढंच म्हणणं होतं. भाऊला मी हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "फुकट भेटत असन त आना एक. कढईवर झाकाले होईन."

शेवटी मार्ग आईनं काढला. जानेवारी म्हणजे ओल्या तुरीचे दिवस. घरात तिच्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची, आमटी शिजते, अंबाडीची भाजी होते. ही अंबाडी पलीकडं तेलंगणात गेली की तिचा गोंगुरा होतो आणि बाटलीत भरून दुप्पट ऐटीत परत येते. आईनं तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या आणि कागदी पुड्यात बांधून दिल्या. "बोंड्याच्या वक्ताले हे खाय."

खूण तीच, जागा तीच, फक्त वस्तू बदलली. लंडनवाल्यांनी माझ्या आईच्या पाया पडायला हवं होतं.

दोन तारखेला मी शेंगा सोलत उभा राहिलो. भाऊनं एक मागितली. तीन तारखेला मूठभर घेतल्या. चार तारखेला त्यानं मला पाहताच हात पुढं केला, दाणे तोंडात आणि टरफलं चुलीत. पाच तारखेला बस उशिरा आली. तोवर पुडा रिकामा, भाऊ खूष, म्हणतो पोटालाही हलकं वाटून राह्यलं. सहा तारखेला पुडा थेट त्याच्याच हातात गेला. त्याला सवय लागली, तीही पाच दिवसांत. हे लंडनला कळवायला हवं.

मी मोकळ्या हातांनी उभा. त्यानं कागद घेतला, बोंडा ठेवला, वर रस्सा ओतला.

"अरे, मी सोडलाय."

"घ्या जी. वहीत नाई लिहत. तुम्ही शेंगा देल्या, म्या बोंडा देल्ला. फिट्टंफाट."