चढ सर

सिमेंटच्या ट्रकांची धूळ आणि दहावीच्या शिकवण्या, या दोन गोष्टींची गडचांदुरात कधी वाण पडत नाही. चढ सर दुसऱ्या खात्यातले. खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. बाहीवरचा पांढरा थर कारखान्याचा की फळ्याचा, हे घरच्यांनाही कळत नाही.

वर्गात सर शिकवतात मात्र झकास. "दोन बिंदू द्या, रेषा घ्या" हा त्यांचा बाणा. (१, ५) आणि (३, ९) घ्या. वायमधला फरक चार, एक्समधला दोन, म्हणून चढ २. तो घेऊन पहिल्या बिंदूत गेलं की समीकरण हजर : वाय बरोबर दोन एक्स अधिक तीन. देकार्तनं १६३७ साली भूमितीला बीजगणिताशी जोडलं, हेही सर अशा थाटात सांगतात की जणू तो त्यांच्याच सकाळच्या बॅचला होता. जिवतीकडच्या पोरांना चढ समजवावा लागत नाही. ती रोज डोंगर उतरूनच येतात.

पंचाईत शिकवणी सुटल्यावर होते. टपरीवर चहा येईपर्यंत सर खिशातला खडू काढतात आणि बाकड्यावर भविष्य मांडतात.

"१५ मार्चला पारा ३६, १५ एप्रिलला ४२. चढ महिन्याला ६. म्हणजे जुलैत ६०, दिवाळीत ८०च्या आसपास आणि पुढच्या फेब्रुवारीत १०२!"

"मंग गॅस वाचला म्हना नं जी," चहावाला म्हणतो, "पानी आपोआपच उकळन."

सर हसत नाहीत. समीकरणाला कोणी हसतं का?

तिसरा बिंदू त्याच रेषेवर आहे का, हे न तपासता पोरांनी 'एकरेषीय' लिहिलं, तर सर निर्दयपणे गुण कापतात. टपरीवर तिसरा बिंदू स्वतःहून चालत येतो, तरी त्याला बसायला जागा मिळत नाही. जूनमध्ये पाऊस आला, पारा घसरला. सर म्हणाले, "यंदा पावसाचं गणित चुकलं."

कापसाचंही तेच. भाव आठवड्यात १४० रुपयांनी वाढला की दिवसाला २०चा चढ धरून, शंभर दिवसांत क्विंटलमागे २,००० रुपये जास्त, असं सर सांगून मोकळे. ऐकणारे मान डोलावतात आणि निमूटपणे लागेल तेवढा कापूस विकून टाकतात.

एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "सर, आज एका व्यापाऱ्यानं ६,८०० सांगतले, दुसऱ्यानं ७,१००. सांगा बरं, चढ किती?"

खडू हवेतच थांबला. तारीख एकच, म्हणजे एक्समधला फरक शून्य. आणि शून्यानं भागायचं नसतं. सर पुटपुटले, "ही उभी रेषा झाली. हिचा चढ काढता येत नाही."

"तुमाले नाही येत जी," म्हातारा उठता उठता म्हणाला, "व्यापाऱ्याले बराबर येते."