एकाची सही, सगळ्यांची हजेरी

1993 साली इंटेलचा पहिला पेन्टियम आला, तेव्हा त्याची जेमतेम 15 वॅट उष्णता घालवायला ॲल्युमिनियमचा एक ठोकळा आणि त्याच्या डोक्यावर बसवलेला चिमुकला पंखा पुरत असे. 2022 साली आलेला कोअर आय-नाइन 13900के जोरात आला की 253 वॅटपर्यंत वीज खातो, आणि त्याच्या खालच्या मजल्यावर राहणारं दांडगं ग्राफिक्स कार्ड 300 वॅटही ओलांडतं. साहजिकच कॅबिनेटमध्ये पंख्यांची खोगीरभरती झाली आहे: समोर तीन, वर दोन, मागे एक आणि प्रोसेसरच्या कूलरवर आणखी दोन. मदरबोर्डवर मात्र पंखे जोडायच्या जागा बहुधा चार-पाचच. या टंचाईवर बाजाराने काढलेला तोडगा म्हणजे फॅन हब. एसएमपीएसकडून स्वतंत्र वीज घ्यायची, मदरबोर्डकडून एकच वायर आणायची आणि आठ-दहा पंखे एका पट्टीवर टोचून मोकळं व्हायचं. वायरींचं जंजाळ मिटतं, काचेतून आतलं दृश्य देखणं दिसतं, आणि मग उत्साहाच्या भरात लोक कूलरचा पंखाही त्याच पट्टीवर नेऊन बसवतात. माझा विरोध आहे तो एवढ्या शेवटच्या उत्साहाला. हब वीज वाटण्यात उदार आणि आदेश पोचवण्यात तत्पर असतो; परत खबर आणण्यात मात्र त्याची हयगय ठरलेली. म्हणून कॅबिनेटचे पंखे खुशाल हबच्या स्वाधीन करावेत, कूलर मात्र थेट मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या हेडरलाच जोडावा.

हे पटायला पंख्याच्या चार वायरींची ओळख करून घ्यावी लागते. पहिली ग्राउंड, दुसरी 12 व्होल्टची. या दोघी फक्त वीज वाहतात, त्यांना राजकारणात रस नाही. चौथीवरून मदरबोर्ड आदेश पाठवतो: सेकंदाला सुमारे 25 हजार स्पंदनं, आणि प्रत्येक स्पंदन जितकं रुंद तितका पंख्याने वेग धरायचा. तिसरीवरून पंखा जबाब देतो: दर फेरीला दोन ठोके, ते मोजून बोर्डाला कळतं की हा मिनिटाला किती फेऱ्या मारतो आहे. आता गंमत अशी, की आदेश आठ जणांना एकदम ऐकवता येतो, पण आठ जणांचे जबाब एकाच वायरीवर एकदम घेता येत नाहीत. सगळ्यांचे ठोके एकमेकांत मिसळले तर बोर्डाच्या हाती जो आकडा पडेल, त्या वेगाने कुठलाच पंखा कधी फिरलेला नसेल. म्हणून हब बनवणाऱ्यांनी सरळ कचेरीचा मार्ग पत्करला: मस्टरवर एकाने सही करायची आणि हजेरी सगळ्यांची लागायची. साध्या हबमध्ये एकाच पोर्टची तिसरी पिन मदरबोर्डपर्यंत पोचते. बाकीच्या पोर्टांत कित्येकदा ती पिन बसवलेलीच नसते. सहीचा अधिकारच नाही, मग पेन कशाला द्या? कचेरीहून एक फरक मात्र कबूल केला पाहिजे. इंटेलने 4 वायरींच्या पंख्यांसाठी जे दंडक घालून दिले, त्यांनुसार वरून आदेशच आला नाही तर पंख्याने पूर्ण वेगाने काम करायचं असतं. अशी आस्थापना-नियमावली आपल्याकडे अजून निघायची आहे.

या हजेरीपद्धतीचे परिणाम व्हायचे तेच होतात. सही करणारा पंखा गरगर फिरतो आहे तोवर बायोसच्या पडद्यावर सर्वत्र आबादीआबाद दिसतं. शेजारच्या पोर्टवरच्या पंख्याचं बेअरिंग धुळीने जाम झालं, त्याच्या पात्यात वायर अडकली, तरी त्याचा पगार चालू राहतो. उलट हबची वायर ‘सीपीयू फॅन’ हेडरला दिली आणि सहीच्या पोर्टवर कोणालाच बसवलं नाही, तर आठही पंखे घाम गाळत असताना बोर्ड सुरुवातीलाच ‘सीपीयू फॅन एरर’ म्हणून अडून बसतो आणि एफ-वन दाबायला लावतो. यावर शहाणा माणूस पोर्ट बदलतो. घाईतला माणूस बायोसमध्ये जाऊन त्या पंख्याची देखरेखच बंद करतो. तक्रार मिटते, कारण आता तक्रार ऐकणाराच उरलेला नसतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल: मग कूलरलाच सहीच्या पोर्टवर बसवा की! हब बनवणारे स्वतःच तो पोर्ट वेगळ्या रंगाने दाखवतात. बरोबर आहे. तसं केल्याने कूलर बंद पडला तर बोर्डाला कळेल, आणि निम्मा वाद मी तिथेच हरतो. उरलेला निम्मा आदेशाच्या बाजूचा आहे. आता बोर्डाची आज्ञा एकच, आणि ती निघते प्रोसेसरच्या तापमानावरून. प्रोसेसर हा मोठा तालेवार गडी. एखादं जड वेबपान उघडलं की त्याचा पारा क्षणात वीस-तीस अंश चढतो आणि तितक्याच झटपट उतरतो. कॅबिनेटमधल्या हवेला तापायला मात्र मिनिटं लागतात. तरीही साहेबांना शिंक आली म्हणून पुढचे, वरचे, मागचे सगळे पंखे घोंघावत उठतात, आणि कशासाठी उठलो ते कळायच्या आत खाली बसतात. त्याहून वाईट प्रकार खेळ चालू असताना होतो. तेव्हा खरी भट्टी ग्राफिक्स कार्डाची पेटलेली असते, प्रोसेसर तुलनेने निवांत असतो, आणि हबवरची मंडळी साहेब थंड आहेत म्हणून सावकाश फिरत राहतात. हबची वायर कॅबिनेटच्या पंख्यांसाठी असलेल्या हेडरला दिली, की हा घोळ टळतो. कित्येक बोर्डांवर त्या हेडरने कोणत्या सेन्सरचं ऐकायचं तेही ठरवता येतं.

दुसरा पक्ष म्हणेल, एवढी मुत्सद्देगिरी कशाला, सगळे पंखे कायम पूर्ण वेगाने सोडा. याचं उत्तर भौतिकशास्त्र देतं. पंख्याची हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, पण त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते आणि शक्ती एक-अष्टमांशावर येते. आवाजही ठोकळमानाने 15 डेसिबलने उतरतो. उलट तसाच आणखी एक पंखा जोडला तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. म्हणजे दोन चिडलेल्या पंख्यांपेक्षा सहा संथ पंखे परवडतात, आणि इथे मी हबचा उघड समर्थक आहे, कारण संथ लोकांची मोठी फौज सांभाळणं हेच त्याचं खरं कसब. शिवाय कितीही जोर केला तरी पंखा आतली हवा खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात नागपुरात खोली 40 अंशांवर असेल, तर आठ पंखे मिळून बाहेरची 40 अंशांची हवा निष्ठेने आत आणतात.

तिसरा आक्षेप विजेचा: कूलर थेट बोर्डावर दिला तर हेडरवर ताण नाही का येणार? साधारण हेडर 1 अँपिअर, म्हणजे 12 वॅट सोसतो. नॉक्टुआच्या सुप्रसिद्ध तपकिरी एनएफ-ए12x25 पंख्याला लागतात 0.14 अँपिअर. असे दोन पंखे एका फाट्याने जोडले तरी हेडरला चहापाण्याइतकाही खर्च नाही. ओझं होतं ते कॅबिनेटच्या पंख्यांच्या जथ्याचं, आणि तो जथा आपण हबवरच पाठवतो आहोत. साटा प्लगच्या 12 व्होल्टच्या पिना मिळून 4.5 अँपिअर, म्हणजे 54 वॅट देतात. तेवढ्यात त्या सगळ्यांचं भागतं. तीन वायरींचे जुने पंखे मात्र तिथे धाडताना विचार करावा. त्यांना आदेशाची चौथी वायरच नसते, त्यामुळे नुसते आदेश वाटणाऱ्या हबवर ते अखंड पूर्ण वेगाने फिरतात. आज्ञा न कळणाऱ्या माणसाइतका कष्टाळू माणूस नसतो, आणि गोंगाटही तोच जास्त करतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत आधुनिक: प्रोसेसर स्वतःची काळजी घेतो, 100 अंशांच्या आसपास पोचला की आपणच वेग कमी करतो, मग भीती कसली? भीती जळण्याची नाहीच. ती दुकानदारांनी जरा जास्तच जोपासली आहे. अडचण अशी की प्रोसेसर न जळता नुसता मंदावतो आणि मालकाला कारण कळत नाही. तो विंडोजला शिव्या घालतो, अँटिव्हायरस बदलतो, रॅम वाढवतो आणि शेवटी नवा संगणक घेतो. या सगळ्या खर्चाच्या मुळाशी एक थांबलेला पंखा असू शकतो, ज्याची हजेरी भलत्याच कोणाच्या सहीने लागत होती. म्हणून वाटणी सोपी ठेवावी. ज्याच्या गैरहजेरीने काम अडतं त्याची सही त्याच्याकडूनच घ्यावी: कूलर ‘सीपीयू फॅन’वर, पाण्याचा कूलर असेल तर त्याचा पंप स्वतःच्या हेडरवर. बाकीच्यांनी हबवर सुखाने नांदावं. त्यांच्यातला एखादा दांडी मारून बसलाच, तर ते बोर्ड कधीच सांगणार नाही. त्यासाठी दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेटची बाजू उघडून आपल्यालाच डोळ्यांनी मोजदाद करावी लागेल. एवढी तपासणी वर्षातून एकदाही नको असेल, तर हब घेऊ नये, कमी पंखे घ्यावेत.