मनोगत नसलेले कलावंत

मुंबईत जहांगीरला प्रदर्शन पाहायला गेलं की चित्रांच्या आधी कॅटलॉग हातात पडतो आणि त्यात चित्रकाराचं मनोगत असतं. त्यात अवकाश असतो, आदिम रेषा असते आणि मातीशी असलेलं नातं तर हमखास असतं. ते वाचून मान वर केली की समोरची चित्रं उगीचच साधी वाटायला लागतात. अशा वेळी मला वाटतं, आमच्या महाड-पोलादपूरकडच्या गणपती करणाऱ्यांनी कॅटलॉग काढला तर त्यात काय छापतील?

मातीच्या नात्यापाशीच पंचाईत. शाडू येतो गुजरातेतून, ट्रकने, गोणीत भरून. सावित्रीकाठी घडलेला, अस्सल कोकणी म्हणून मिरवणारा बाप्पा मुळात भावनगरकडचा. त्यात जिथे हे सगळं घडतं त्या जागेला स्टुडिओ म्हणायची पद्धत नाही. त्याला कारखाना म्हणतात.

एका कारखान्यात मी प्रेरणेबद्दल विचारून पाहिलं. मूर्तिकारांनी हात पुसले आणि मोबाइल पुढे केला. त्यात गिऱ्हाइकांनी पाठवलेले फोटो: दगडूशेठ, लालबाग, मध्येच कुठल्यातरी मालिकेतला बाळगणेश. पोलादपूरच्या वाडीतला चाकरमानी डोंबिवलीहून लिहितो, ‘सेम असाच पाहिजे, फक्त फेटा घाला, आणि उंची दीड फुटाच्या वर नको, वर माळा आहे.’ कलावंताला अवकाशाची जाणीव करून द्यायची ती अशी.

पण हीच माणसं एका विषयावर तासभर बोलतात. विषय म्हणजे सुकवण. आषाढात महाडात टॉवेल वाळत नाही, तिथे शाडूचा गणपती वाळवायचा असतो. घाई केली तर कानाच्या मुळाशी तडा जातो, आणि धीर धरला तर चतुर्थी येते. पंखा समोरून लावायचा की पाठीमागून, यावर गाण्यातल्या घराण्यांसारखे मतभेद आहेत. तडा बुजवताना बोटाला पाणी किती, कोरणी कधी धरायची, खडूचा हात कधी द्यायचा, हे सगळं ऐकताना लक्षात येतं की मनोगत चालू आहे. आपण उगाच वहीत ‘प्रेरणा’ असं लिहून खाली रेघ मारून बसलो होतो.

मूर्ती कुठल्या फळीवर ठेवायची, हे महाडच्या बाजारपेठेत सावित्रीला विचारून ठरवतात. २००५ आणि २०२१, दोन्ही वर्षी जुलैमध्ये नदी गावात शिरली. कच्चा शाडू पाण्यात गेला की विरघळतो. विसर्जनाचं काम नदी दीड-दोन महिने आधीच उरकून टाकते आणि मूर्तिकार पुन्हा गोणी सोडतो.

कलावंतांनी स्वतःविषयी न बोलण्याची ही रीत इथे जुनी आहे. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत एक ब्राह्मी लेख आहे. त्यात दान देणारा कुमार विष्णुपालित लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची दोन टाकी असा चोख हिशेब मांडतो. ज्यांनी तो कातळ फोडला त्यांचं त्यात नाव नाही. रायगडावर हिरोजी इंदुलकरांनी तेवढी संधी घेतली, तीही जगदीश्वराच्या पायरीवर: सेवेचे ठायी तत्पर. इतका गड बांधून नावाखेरीज तीन शब्द, तेही लोकांच्या पायाखाली. आजचा कुठलाही कॅटलॉग यापुढे वाचाळ वाटेल.

बोलणारे आमच्या जिल्ह्यात झालेच नाहीत असं नाही. नागावचे चित्रकार प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ हे अख्खं पुस्तक लिहिलं, आणि ते वाचून चित्रं साधी वाटत नाहीत, उलट पुन्हा पाहावीशी वाटतात. कारण त्यांनी पान, टाचणी, घड्याळ अशा वस्तूंकडे पाहिलं आणि पाहिलेलंच लिहिलं. रंगसुद्धा ते एनॅमलचे वापरत, आपण दाराखिडक्यांना लावतो तसले. सासवण्याच्या नानासाहेब करमरकरांनी तर सिमेंटची म्हैस करून अंगणात बसवली. तिच्याजवळ मनोगत टांगलेलं नाही, आणि येणारा माणूस आधी तिच्या शिंगांपासून जरा लांब उभा राहतो.

आमच्या कारखान्यात कोऱ्या कॅनव्हासच्या जागी कोरा पाट असतो. श्रावणाच्या आधीच घरोघरचे पाट येऊन भिंतीला टेकतात. शेवटी डोळ्यांची आखणी मूर्तिकाराच्या घरातलं सर्वांत जुनं माणूस करतं. तेवढा वेळ रेडिओसुद्धा बंद.

‘सही कुठे करता?’ मी विचारलं.

त्यांनी एक पाट उलटा करून दाखवला. खाली खडूने नाव होतं, पण गिऱ्हाइकाचं. पुढे गाव, वाडी आणि किती आगाऊ दिले तो आकडा. विष्णुपालिताचीच परंपरा. पावसाच्या दमटपणात हे खडूचं नाव कधीकधी पुसतं, आणि चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी एकाचा फेटेवाला दुसऱ्याच्या टेम्पोत चढतो. तेव्हा मात्र मूर्तिकाराला आपल्या कलेविषयी सविस्तर बोलावं लागतं, फोनवर, रात्री साडेअकरापर्यंत.