खिशातला कांदा

मे महिन्यात पहाटे पाच वाजता ज्याला दुसऱ्याच्या झोपेची कीव येते, असा एक गृहस्थ तुमच्याही कॉलनीत असणारच. नसेल तर आमचा घेऊन जा. जायचं भाडं मी देतो.

आमच्याकडे त्यांना सगळे काकाजी म्हणतात. मूळचे अकोल्याचे, नोकरीही तिकडेच झाली, निवृत्तीनंतर अमरावतीत घर बांधलं. पांढरा सदरा, डोक्याला दुपट्टा, पायात कॅनव्हासचे बूट आणि सदऱ्याच्या उजव्या खिशात कांदा.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्याही आज्यांनी उन्हाळ्यात आमच्या खिशात तो कोंबला होता. पण मिशा फुटायच्या वयात आपण बऱ्याच गोष्टींबरोबर तोही सोडतो. काकाजींनी सोडला नाही. शिवाय बाकीचे लोक कांदा घेत ते भर दुपारी बाहेर पडताना; हे पहाटे पाचला घेतात. त्या वेळी ऊन कुठं असतं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ऊन का सांगून येते काय जी?"

तर पहाटे पाचला आमच्या फाटकाची कडी वाजते. घंटी आहे, पण घंटीने फक्त माणूस उठतो. कडीने शेजारीही उठतात. "काहून झोपून रायले बाप्पा? उन्हाया काय घरात बसाले असते?" काकाजींच्या मते वर्षात बाहेर हिंडण्याजोगा ऋतू एकच. पावसाळ्यात चिखल, हिवाळ्यात अंथरूण सुटत नाही. उन्हाळ्यात रस्ते कोरडे, आभाळ मोकळं, पोट्ट्यांना सुट्या आणि पहाटेचा गारवा फुकट. हे सगळं ते खिसा चाचपत सांगतात. कांदा जागेवर आहे याची खात्री झाल्याशिवाय त्यांचं एकही वाक्य पूर्ण होत नाही.

मग वडाळी नाहीतर छत्री तलाव. दोन्ही तलाव इंग्रजांच्या काळात शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेले. आता ते शहराला मुख्यतः तोंडी लावायला आहेत. त्या बाजूने पुढे पोहऱ्याचं जंगल, आणि जंगलात बिबटे. कुणी तरी म्हणालं, की काकाजी, अंधाराचं जरा जपून. काकाजींनी खिशाकडे बोट केलं. बिबट्यालाही ऊन लागतं असं त्यांना सुचवायचं होतं, की बिबट्या कांदा खात नाही असं, हे आम्हाला कळलं नाही. विचारण्याइतका दम चढावर कुणात नव्हता.

एक मात्र कबूल करतो. कांदा सोडला, तर हा माणूस उन्हाबद्दल जे बोलतो ते सगळं बरोबर असतं. आठच्या आत घरात. तहान लागायची वाट न पाहता पाणी. घाम खूप गेला तर नुसतं पाणी नको, चिमूटभर मीठ आणि साखर घाला. आंबट कैरी उकडून, कोळून केलेलं पन्हं. दुपारी बारा ते चार माणसाने बाहेर पडू नये, आणि पडलंच तर कान झाकून. इतकं शास्त्रशुद्ध बोलून झाल्यावर शेवटी ते खिशातून कांदा काढून दाखवतात, आणि ऐकणाऱ्याचा आधीच्या पन्ह्यावरचाही विश्वास उडतो.

कांदा पांढरा असतो. लाल का नाही, याचं व्याख्यान वेगळं आहे. ते मी तुम्हाला लावत नाही. संध्याकाळी हाच कांदा काकू पिठल्यात चिरतात. "दिवसभर नुसता हिंडते, रात्री तरी कामी येऊ द्या," असं त्या म्हणतात. हे त्या कांद्याबद्दल म्हणतात असं आम्ही धरून चालतो. पण त्यांच्याकडे पोहे समोर आले, की मला राहवत नाही. विचारतो, "काकू, यातला कांदा फिरून आलेला आहे का घरचाच?"

आता लग्नाची गोष्ट. आपल्याकडे लग्नं मे महिन्यात आणि तीही दुपारी बाराच्या पुढे-मागे का लावतात, याचा शोध कुणी तरी लावायला हवा. मंडप तापलेला, कोपऱ्यातले कूलर माणसांऐवजी ढोलताशाच गार करत असलेले, आणि काकाजी पहिल्या रांगेत. मंगलाष्टकं सुरू झाली. काकाजी अक्षता टाकायला पुढे वाकले आणि कांदा निसटला. सतरंजीवरून घरंगळत तो थेट अंतरपाटाखाली, नवरीच्या पाटाशी जाऊन थांबला. गुरुजींनी सूर न सोडता त्याच्याकडे पाहिलं आणि बहुधा यजमानांनीच ठेवला असेल असं समजून त्याच्यावर चार अक्षता टाकल्या. नवरदेवाच्या मावशीने शेजारणीला विचारलं, "अकोल्याकडची पद्धत हाय का हे?" शेजारीण म्हणाली, "असन बाई." त्या घराण्यात पुढच्या उन्हाळ्यात दुसरं लग्न झालं. तिथं अंतरपाटापाशी तबकात हळदकुंकू लावलेला कांदा होता, असं मी खात्रीच्या माणसाकडून ऐकतो. रीतीभाती अशाच सुरू होतात.

तलावावरून काकाजी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात पोहायला जातात. या मंडळाचा विषय निघाला, की मात्र खिसा चाचपायचं विसरतात. 1914 साली वैद्य बंधूंनी सुरू केलेली ही व्यायामशाळा. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूने जाऊन कबड्डीसारखे आपले देशी खेळ जगाला दाखवले. काकाजी हे असं सांगतात, जणू सामान बांधायला तेच होते. "हिटलरच्या गावात हुतूतू खेळून आले आमचे लोक, अन् तुमी तिसऱ्या माळ्यावर लिफ्टनं जाता!" बर्लिनला त्या लोकांनी खिशात काय नेलं होतं, हा प्रश्न मी गिळतो.

पोहताना कांद्याचं काय, ही अडचण त्यांनी काठावर टॉवेलखाली ठेवून सोडवली होती. कांदा कोरडा लागतो. पण उन्हाळी वर्गाच्या पोट्ट्यांना टॉवेल उचलून पाहिल्याशिवाय कसं राहवेल? एक दिवस कांदा पाण्यात गेला आणि मजेत तरंगत खोल बाजूला निघाला. काठाचा गज धरून पाय झाडत असलेलं एक बारकं पोट्टं रडकुंडीला येऊन शिक्षकांना म्हणालं, "सर, याले येते, मले काहून नाही येत?" काकाजींनी सूर मारून कांदा काढला. मग त्या पोट्ट्याच्या पोटाखाली हात देऊन त्याला पाण्यावर आडवं धरून उभे राहिले. महिनाअखेर ते पोट्टं पोहत होतं. हे सांगायचं कारण, ही गोष्ट काकाजी स्वतः कधी सांगत नाहीत. त्यांच्या सांगण्यात फक्त कांदा वाचतो.

अमरावतीच्या उन्हाला ते फारसं मोजत नाहीत. पारा 44 वर गेला, की आम्ही हाय खातो, ते म्हणतात, "हे तं काहीच नाही. आमच्या अकोल्यात..." पुढचं आम्हाला पाठ आहे. 2020 च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा 47 च्याही पुढे गेला तेव्हा त्यांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. "अन् हे सावलीतलं हाय बरं! ते यंत्र झडपांच्या पेटीत असते. उन्हातलं तं ते सांगतच नाहीत." हेही बरोबरच आहे, हवामान खातं तापमान सावलीतच मोजतं. 2024 च्या मे अखेरीस तर अकोला जिल्ह्यात उन्हापायी कलम 144 लागू केलं. कामगारांना पिण्याचं पाणी आणि पंखे द्या, शिकवणीवर्ग भरदुपारी भरवू नका, असा हुकूम निघाला. एरवी हे कलम दंगलीत लावायचे. काकाजींनी त्या बातमीचं कात्रण पाकिटात ठेवलं. "पाहा, ऊनसुद्धा सरकारले घाबरवते आमचं!" उन्हाने जमाव केला होता की काय, असं मी विचारलं, तर दोन दिवस कडी वाजली नाही. मी नऊपर्यंत झोपलो आणि दोन्ही दिवस माझं डोकं दुखलं.

मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं हौशी लोकांना पाणवठ्याकाठच्या मचाणांवर बसू देतं. काकाजींनी माझंही नाव परस्पर दिलं. तिथले नियम साधे: बोलायचं नाही, विजेरी लावायची नाही, अत्तर नको, वासाचं खाणं नको. वनरक्षक तरणा होता. त्याने काकाजींच्या दिशेने दोनदा नाक ओढलं. "खिशात काय हाय काकाजी?" मग जंगलाच्या तोंडावर एक हुज्जत झाली. काकाजींचं म्हणणं, कांदा हे खाणं नसून औषध आहे. वनरक्षकाने शांतपणे कांदा घेतला आणि स्वतःच्या खाकी खिशात टाकला. "राहू द्या माह्यापाशी. उद्या दुपारी मले पानवठे पाहत हिंडा लागते."

यावर काकाजी काही बोलले नाहीत. रात्रभरच बोलले नाहीत. चांदण्यात आधी दोन सांबरं आली. पाणी प्यायच्या आधी कितीतरी वेळ नुसती कान हलवत उभी होती. मध्यरात्रीनंतर एक अस्वल आलं, गुडघे टेकल्यासारखं वाकून चपचप आवाज करत पाणी प्यालं आणि आल्या वाटेने गेलं. मी काकाजींकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात रिकाम्या खिशावर होता. परत येताना परतवाड्याच्या चहाच्या टपरीवर एकदाचे म्हणाले, "बराबर केलं पोट्ट्यानं. दुपारच्या उन्हात कामाले जाते थो. आपून तं हौशी." तेवढ्यासाठी मी त्यांच्या चहाचे पैसे दिले.

चिखलदरा त्यांना आवडत नाही. 1118 मीटर उंचीवर, मे महिन्यात रात्री पांघरूण घ्यावं लागतं. "ऊन नाही तं उन्हाया कायचा?" तिथल्या एका टपरीवर त्यांनी स्वतःचा कांदा भजी करायला देऊन टाकला. यापेक्षा मोठा निषेध त्यांना माहीत नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, की हा माणूस तब्येतीचा नादी आहे. मलाही तसंच वाटायचं. पण काकाजींची गच्ची पाहायला हवी. रोज संध्याकाळी ते तिथं पाणी मारतात. दिवसभर तापलेल्या स्लॅबवर पहिली बादली पडली, की चर्र आवाज होऊन वाफ उठते. दुसऱ्या बादलीला मातीसारखा वास येतो. तिसरीनंतर पाय टेकवता येतो. मग सतरंजी, गाद्या, उशाशी माठ. गाद्या ते एकट्यापुरत्या टाकत नाहीत, ओळीने टाकतात. मुलं पुण्याला आणि बंगलोरला, काकू खाली एसीत. "मले नाही जमत बाई ते चांदन्या मोजनं."

आमच्या लहानपणी अख्खा वऱ्हाड उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर नाहीतर अंगणातल्या खाटांवर असायचा. या गच्चीवरून त्या गच्चीवर गप्पा चालत, कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर सगळ्या गल्लीला गाणी ऐकू येत, आणि कुणाच्या घरी काय बिनसलं आहे हे बातमीआधी आवाजावरूनच समजे. आमच्या हवेत दमटपणा नाही, म्हणून वाळ्याच्या ताट्यांचे कूलर भन्नाट चालतात. त्यांनी माणसं गच्चीवरून खाली आणली. पुढे एसीने खिडक्या लावल्या. आता कॉलनीतल्या सगळ्या एसींची बाहेरची डबडी काकाजींच्या गच्चीवर गरम फुंकर घालत असतात. आम्ही गार खोलीतल्या व्यायामशाळेत पैसे भरून जागच्या जागी चालतो, आणि 45 अंशांच्या गावात राहून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या 'ड' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतो. मीही घेतो.

परवा संध्याकाळी वादळ झालं. झाडं पडली, तारा तुटल्या, लाइट गेली. नऊ वाजेतो सगळे घरात घाम पुसत बसले आणि मग एकेक करून गच्चीवर आले. कितीतरी वर्षांनी मी शेजारच्या गच्चीवरच्या माणसाला बनियनमध्ये पाहिलं. काकाजी कठड्यावरून ओरडत होते, "या ना इकडं, गाद्या हाय!" पोरं उड्या मारतच आली. ओळीने टाकलेल्या गाद्या अर्ध्या तासात भरल्या. माठ दोनदा रिकामा झाला. वादळाने आभाळ धुतलेलं. काकाजींनी पोरांना उत्तरेला सप्तर्षी दाखवला, दक्षिणेकडे वर येणारा विंचू दाखवला. कुणाच्या तरी आईने कैऱ्या आणल्या, काकाजींनी खिशातला कांदा काढला, बुक्कीने फोडला, आणि तिखट-मीठ लावून सगळ्यांनी तो खाल्ला. बिनघोर. रात्रच होती.

बाराच्या सुमाराला लाइट आली. सगळ्या कॉलनीने एकदम "आली!" केलं. पाच मिनिटांत गच्ची रिकामी. चपला शोधत उतरणाऱ्या पोरांना काकाजी म्हणत होते, "अरे, ध्रुव राह्यला ना दाखवाचा!"

सकाळी कडी वाजली नाही. मी कुंपणाशी गेलो, तर काकाजी अंगणात वीज कार्यालयाला फोन लावून उभे.

"हाव जी, काल लाइट गेली होती आमच्याकडं... नाही, नाही, माफी कायची मागता... तक्रार नाही जी. मी म्हन्तो, पुन्हा केव्हा जाते?"

पलीकडून फोन ठेवला गेला. काकाजींनी पुन्हा लावला.